बेअरिंगला हवी अंघोळ!

मे महिन्याची सुट्टी, नांदगावचं आजोळ आणि बॅगेत आरसी कार. तिठ्यावरून देवगडकडे वळलो, कुणकेश्वरच्या ओल्या वाळूत गाडी पळवली. फुल टू धमाल! दुसऱ्या दिवशी मात्र चाकं कुरकुरायला लागली. बॅटरी फुल, मोटर ठीक. मी सरळ वरून तेल मारणार, तेवढ्यात आजोबा म्हणाले, ‘रे झिला, आदी धू, मगे त्याल घाल!’

आजोबांचं लॉजिक पक्कं. वाळूवर तेल पडलं की आत पॉलिश पेपरसारखा चिखल होतो, गोळ्या घासतात. वर खारं पाणी, म्हणजे गंज आलाच.

तर फंडा सिंपल आहे. चाक काढून बेअरिंग बाहेर घ्या. रबरी झाकण असेल तर सुईने अलगद उचला. आधी गोडं पाणी, मीठ जाईल. लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घोळवा, मळ आणि पाणी दोन्ही निघतं. (खिडकी उघडी, गॅस बंद!) पूर्ण सुकू द्या. कोरडं बेअरिंग हवेच्या झोतावर गरगर फिरवायचा मोह मात्र टाळा.

आता तेल. डांबरी रस्त्यावर पळवायची तर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. वाळूत, चिखलात न्यायची तर ग्रीस. वेग किंचित कमी, पण कचरा बाहेर राहतो.

शेवटी बोटावर फिरवून बघा. तरीही खरखर? मग नवंच लावा. जाम बेअरिंगचा हट्ट धरलात, तर मोटर तापून बसेल. आणि ती बेअरिंगपेक्षा कितीतरी महाग पडते, बॉस!