पळसाला नावे तीन

फाल्गुन लागला की माझे मन माहेरी, सौंसरला धाव घेते. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्यावरचे हे गाव मध्य प्रदेशातले, २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यातले. पण घराघरांत मराठी. आपल्या शेजारी कन्नड, त्यांच्या शेजारी हिंदी, एवढाच फरक.

गेल्या होळीला मुलांना घेऊन गेले. धाकटीच्या मराठीत कन्नड शब्द आला की वर्गातली मुले हसत. त्यामुळे ती घरी अज्जीशीही कन्नड बोलेनाशी झाली होती.

भावाच्या बागेत मृग बहाराची संत्री उतरत होती. मुलांनी हाताने तोडून खाल्ली. बांधावर पळसाचा नुसता सडा! भाचा म्हणाला, ‘‘टेसू.’’ मी म्हटले, ‘‘पळस.’’ धाकटी हळूच म्हणाली, ‘‘मुत्तुग.’’ कुणी हसले नाही. उलट भाचरे तोच शब्द घोकत फुले वेचू लागली.

ही फुले मोठ्यांनी पाण्यात उकळावीत, रात्रभर ठेवावीत, सकाळी फडक्याने गाळावीत. केशरी-पिवळा रंग तयार! आमची धुळवड त्यावरच झाली. फुले मात्र खाली पडलेलीच वेचावीत.

दुसऱ्या दिवशी जामसावळीला गेलो. तिथला मारुती पिंपळाखाली पहुडलेला. धाकटी कुजबुजली, ‘‘हनुमप्पा झोपलाय?’’

त्या रात्री तिने अज्जीला फोन लावला आणि सगळी हकीकत सांगितली, कन्नडमध्ये.

आपल्याही माळावर पळस फुलतो. येत्या रविवारी मुलांना न्या आणि त्याचे नाव त्यांनाच विचारा. पळसाला पाने तीनच, पण नावेही तीन निघतील.