आपत्तीतलं वैद्यकीय पथक आणि दारात उभा बातमीदार

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, समोर पेशंट असताना बातमीदारांचा विचार कोण करतो? ते काम कलेक्टर कचेरीचं. बरोबर आहे. पण आधी एक दिवस आठवू या.

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ भर दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब पडले, मोबाइलची रेंज गेली. त्यात करोनाचा काळ. इथल्या घराघरातलं कोणी ना कोणी मुंबईत नोकरीला. गावाकडे फोन लागत नाही आणि निघावं तर निर्बंध. अशा चाकरमान्याला आईवडिलांची खबर कुठून मिळणार? टीव्हीवरून, नाहीतर कोणीतरी पुढे पाठवलेल्या व्हिडिओवरून.

म्हणून आमचं पहिलं म्हणणं असं, की आपत्तीत बातमी ही मदतसामग्रीच असते. पाणी, ताडपत्री, औषधं, तशीच बातमी. ती वेळेवर पोचायला हवी आणि भेसळ नसलेली हवी. बातमीदाराला हाकललं तर तो रिकाम्या हातानं परत जात नाही. बाहेर जो भेटेल त्याला विचारतो.

आता प्रश्न येतो, बोलायचं कोणी? राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 2010 च्या मार्गदर्शक सूचनांत माहिती व माध्यमांसाठी स्वतंत्र अधिकारी सांगितलेला आहे. एकूण मृत, एकूण नुकसान, हे आकडे प्रशासनाचे. आपण आपल्या पथकापुरतं बोलायचं: किती जणांना तपासलं, कसल्या जखमा आहेत, लोकांनी काय काळजी घ्यावी. तेही पथकातल्या एकानंच. पाच जण बोलले की पाच आकडे होतात.

आकड्यांवर जरा थांबू या. किनारा सोडून याच जिल्ह्याच्या डोंगराकडे, खालापूर तालुक्यात जाऊ. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. चार दिवसांनी शोधकार्य थांबवलं तेव्हा 27 मृतदेह सापडले होते आणि 57 माणसं बेपत्ता होती. समजा, दमलेला एखादा डॉक्टर कॅमेऱ्यासमोर म्हणाला, ‘चौऱ्याऐंशी गेले.’ बेरीज बरोबरच आहे, पण त्यानं एका वाक्यात 57 घरांची आशा संपवली. ‘मृत’ आणि ‘बेपत्ता’ यांच्यामध्ये ओळख पटवणं आहे, पंचनामा आहे, मृत्यूचा दाखला आहे. ते अंतर आपण तोंडानं पार करायचं नाही.

दुसरी चूक दुहेरी मोजणीची. आरोग्य केंद्रात नोंदवलेला जखमी पुढे अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात पाठवला, की तिथे तो पुन्हा मोजला जातो. म्हणून आकड्याबरोबर ठिकाण आणि वेळ सांगायची: ‘आमच्या केंद्रात, सकाळी दहापर्यंत.’

आता पेशंटचा चेहरा. डॉक्टरांसाठीचे 2002 चे आचारनियम रुग्णाची गुपितं जपायला सांगतात. ‘त्याला विचारूनच शूटिंग केलं,’ असं सांगितलं जातं. पण बघा, ज्याच्या हाताला सलाइन लागलंय आणि ज्याला वाटतंय की नाही म्हटलं तर उपचार थांबतील, त्याचा होकार कितपत खरा? मुलांबाबत तर कायदाच स्पष्ट आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 74 काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. दरडीत आईबाप गमावलेलं, मागे कोणी सांभाळणारं नसलेलं मूल याच वर्गात येतं. मृताचं नाव तर आधी घरच्यांना कळलं पाहिजे. आणि खरं सांगायचं तर फोटो बऱ्याचदा बातमीदाराकडून फुटत नाहीत. आपल्याच स्वयंसेवकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून फुटतात. त्यामुळे पहिला नियम आपल्या माणसांना.

प्रत्यक्षात करायचं एवढंच. शाळेत दवाखाना लावला असेल, तर तपासणीच्या खोलीपासून दूर, फाटकाजवळ बातमीदारांना जागा द्या. दिवसातून दोन वेळा ठरवा. उत्तर माहीत नसेल तर ‘आत्ता सांगता येत नाही, चारला सांगतो,’ म्हणा आणि चारला खरंच तिथे उभे राहा. स्थानिक बातमीदाराला तुसडेपणानं वागवू नका. त्याच्याही घराचे पत्रे उडालेले असू शकतात, आणि कुठल्या वाडीचा रस्ता बंद आहे हे त्याला आपल्याआधी ठाऊक असतं.

मग कॅमेरा कामाला लावता येतो. पाणी उकळून प्या. पत्रा लागला असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. चिखलपाण्यात काम केल्यावर ताप आला तर लेप्टोची शंका धरून लगेच दाखवा. बीपी-शुगरच्या गोळ्या वाहून गेल्या असतील तर जुना कागद नसला तरी या. आणखी एक सांगायलाच हवं: अशा आपत्तीतल्या मृतदेहांमुळे सहसा साथ पसरत नाही. हे डॉक्टरनं ठामपणे सांगितलं तर ओळख पटण्याआधी घाईनं अंत्यसंस्कार होणं टळतं, आणि कोणाला तरी आपला माणूस शेवटचा बघायला मिळतो.

कॅमेऱ्यापलीकडे तो चाकरमानी बसलेला आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी काय बोलावं आणि काय नको, हे बरंचसं कळतं. आता तुमचे प्रश्न घेऊ या.