पंप फिरतोय, मग पाणी का निघत नाही?

शेळगावातल्या शेतकऱ्याला मोटारीचं दुखणं समजावून सांगावं लागत नाही. मोटार फिरते पण पाणी येत नाही म्हटलं, की विहिरीत डोकावायच्या आधीच तो सांगतो, "फुटबॉल अडकला असंल, नायतर हवा धरली." फुटबॉल म्हणजे फूट व्हॉल्व्ह. तोच माणूस इंदापूर तालुक्याच्या उत्तर अंगाला, उजनीच्या फुगवट्यावर होडी चालवणाऱ्या पाहुण्यांकडे गेला आणि होडीच्या बुडातला ऑटोमॅटिक पंप मुका दिसला, की मात्र "पंप जळाला, नवा आणा" असा निकाल देऊन टाकतो. अशा वेळी खरं तर त्याचं शेतातलंच ज्ञान कामाला येतं.

हा पंप, म्हणजे बिल्ज पंप, असतो मुठीएवढा. होडीच्या बुडात झिरपलेलं, पावसाचं, लाटेबरोबर आत उडालेलं पाणी साठतं. ते चढलं की फ्लोट उचलला जातो, स्विच लागतो आणि बॅटरीवरची 12 व्होल्टची मोटार पाणी नळीवाटे बाहेर फेकते. एवढंच यंत्र.

पहिला गैरसमज 'पंप जळाला' हाच. मोटार शेवटी तपासायची. आधी फ्लोट हाताने उचला. पंप सुरू झाला तर वायरिंग आणि मोटार ठीक; मग फ्लोट पाण्यावर का उचलला जात नाही ते पाहा. त्याखाली जलपर्णीचं मूळ, जाळ्याचा दोरा किंवा ऑइलमध्ये कालवलेला गाळ अडकलेला असतो. फ्लोट उचलूनही पंप गप्प असेल तर हाताने चालवायचं बटण दाबा. त्यावर चालला तर दोष फ्लोट स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत. दोन्हीकडे गप्प असेल तर फ्यूज, आणि मग वायरींचे सांधे.

सांध्यांपाशी जरा थांबायला हवं, कारण निम्मी दुखणी तिथेच असतात. वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळायची ही आपल्याकडची सर्रास पद्धत. होडीच्या बुडातल्या दमटपणात टेपचा चिकटपणा सुटतो, तांब्यावर हिरवट पूड चढते. मग मीटर लावला की 12 व्होल्ट दिसतात आणि पंप तरी फिरत नाही! सांध्यातून मीटरपुरता करंट जातो, मोटारीला लागणारे तीन-चार अँपिअर जात नाहीत. म्हणून मीटरऐवजी गाडीच्या हेडलाइटचा बल्ब लावून पाहा. तो मिणमिणला तर सांधा मेलेला आहे. तो कापून नवा करा, दाबून बसवायचं टर्मिनल आणि उष्णतेने आवळणारी नळी वापरा आणि सांधा पाणी पोचणार नाही इतका वर बांधा. 'धरणाचं पाणी गोडं, इथे काय गंज चढतो?' यावर विसंबू नका. खाऱ्या पाण्यात तो लवकर चढतो, गोड्यात उशिरा, पण चढतो.

पंप गुणगुणतो आणि पाणी फेकत नाही, तेव्हा आधी जाळीतला कचरा काढा. जाळी साफ असेल तर हवा धरलेली असते. नळी मध्येच झोळ खाऊन परत वर गेली, की त्या झोळात पाणी राहतं आणि पंख्यापाशी हवा कोंडते. नळी पंपापासून तोंडापर्यंत चढतीच हवी, आणि आतून गुळगुळीत. नळीतलं पाणी परत येऊ नये म्हणून काहीजण मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकतात. विहिरीवर फुटबॉल लागतो, म्हणून इथेही लागेल असा हिशेब. पण हा पंप पाण्यातच बुडालेला असतो, त्याला फुटबॉलची गरज नाही. उलट व्हॉल्व्हच्या वर पाणी उभं राहिलं की खाली कोंडलेल्या हवेला वाट मिळत नाही. नवीन पंप जोडल्यावर धार अगदीच मलूल असेल तर प्लस-मायनस उलटे लागलेत का पाहा. मोटार उलटी फिरते आणि थोडंफार पाणी फेकतेही, त्यामुळे शंका येत नाही.

'होडी लावून घरी जाताना मेन स्विच बंद केला की काळजी मिटली.' हाही गैरसमजच. मेन स्विचमागून जोडलेला ऑटोमॅटिक पंप त्याबरोबर बंद पडतो, आणि रात्रीच्या पावसात होडी भरते. ऑटोची वायर बॅटरीवरून थेट, वेगळा फ्यूज लावून घ्यायची. तो फ्यूज पंपावर सांगितला असेल तेवढ्याच अँपिअरचा. वारंवार उडतो म्हणून मोठा लावला तर पंखा अडकल्यावर वायर पेटेल.

आता सगळ्यात घातक समज: 'पंप आहे, होडी बुडायची नाही.' डब्यावर तासाला 1,100 गॅलन, म्हणजे सुमारे 4,160 लिटर लिहिलेलं असतं. हा आकडा पाणी वर चढवायचं नसताना, बॅटरी पूर्ण चार्ज असतानाचा. प्रत्यक्षात बराच कमी मिळतो. पाण्याच्या पातळीखाली एक फुटावर पाच सेंटिमीटरचं भोक पडलं तर तासाला अंदाजे 10,000 लिटर पाणी आत येतं. हिशेब जुळत नाही. काठावरून लाट आत आली तर त्याहून वाईट.

21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी उजनीत वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, एकजण पोहून काठाला लागला. अशा वेळी कुठलाही पंप उपयोगाचा नसतो. उपयोग लाइफ जॅकेटचा आणि वारा सुटलेला दिसला तर होडी न सोडण्याचा.

आणखी एक. बुडात ऑइल सांडलं असेल तर पंप चालवू नका, चिंधीने टिपून घ्या. उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं. होडी सोडण्याआधी बुडात बादलीभर पाणी ओता, पंप आपणहून सुरू होऊन आपणहून बंद होतो का ते बघा. आणि पंप बसवला म्हणून पाणी उपसायचा डबा घरी ठेवून येऊ नका.