आघाताचे वृत्त : आयँबिक पेंटामीटर मराठी कानाने

इंग्रजी कवितेतील सर्वांत रुळलेले वृत्त म्हणजे आयँबिक पेंटामीटर. 'लघु-गुरू, असे पाच वेळा' ही त्याची आपल्याकडील नेहमीची ओळख. मी छंदशास्त्र कोणत्या वर्गात नव्हे, माधव जूलियनांच्या 'छंदोरचने'च्या आधाराने घरीच शिकलो. त्या शिस्तीने तपासता हे समीकरण टिकत नाही, असे माझे मत आहे.

आपली अक्षरगणवृत्ते उच्चाराचा काळ मोजतात : लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. इंग्रजी वृत्त जोर मोजते. पैसा या अर्थाचा 'मनी' हा इंग्रजी शब्द घ्या. देवनागरीत तो लघु-गुरू दिसतो. इंग्रज मात्र 'म'वर आघात देतो, म्हणजे चाल नेमकी उलटी. 'रेकॉर्ड'मध्ये पहिल्या अक्षरावर आघात दिला की नाम, दुसऱ्यावर दिला की क्रियापद. मराठीत केवळ आघात हलवून अर्थ असा पालटत नाही. म्हणून आपला कान तो सहसा टिपत नाही.

आता ओळ पाहू : त-टां, त-टां, त-टां, त-टां, त-टां. उच्चारातील दहा अक्षरे, सम स्थानी आघात. पण हा नुसता सांगाडा. पुष्कळदा पहिल्याच जोडीत आघात आधी येतो; कधी शेवटी एक निराघात अक्षर वाढते. हॅम्लेटच्या विख्यात स्वगताची पहिली ओळ अकरा अक्षरांचीच आहे. शार्दूलविक्रीडितात १९ची २० अक्षरे झाली की वृत्तभंग. येथे ती बोलण्याची लकब ठरते. सोळाव्या शतकात अर्ल ऑफ सरेने व्हर्जिलच्या 'ईनिड'चे दोन सर्ग अशा निर्यमक ओळींत इंग्रजीत आणले. मार्लो आणि शेक्सपिअर यांनी ती ओळ रंगभूमीवर बोलती केली. १६६७मध्ये मिल्टनचे 'पॅराडाइज लॉस्ट' तिच्यातच प्रसिद्ध झाले.

केशवसुतांनी १८९२मध्ये सॉनेट मराठीत आणले. चौदा ओळी आल्या, वृत्त मात्र शार्दूलविक्रीडित राहिले. याला कोणी अर्धी उसनवारी म्हणेल. मला त्यात भाषेची जाण दिसते. जिथे आघात अर्थ वाहत नाही, तिथे त्यावर वृत्त उभारायचे कसे? शेक्सपिअरच्या मराठी अनुवादकानेही दहा अक्षरांचा हिशेब जुळवण्यात शक्ती वेचू नये. नटाच्या तोंडी सहज बसेल आणि तरीही गद्य वाटणार नाही, अशी लय त्याने मराठीतूनच शोधावी. मूळ वृत्ताचे काम तेच आहे.