पिनबॉलच्या पुसट अक्षरांवर मार्कर फिरवू नका

विंडोज एक्सपीवरचा ‘स्पेस कॅडेट’ हा पिनबॉलचा खेळ आपल्याकडे कित्येकांनी खेळलाय. खरं पिनबॉल यंत्र मात्र शिकागोचं. गॉटलिब, बॅली, विल्यम्स हे मोठे कारखाने तिथलेच, आणि १९४७ साली ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात चेंडू टोलवणारे फ्लिपर आणले तेही गॉटलिबने. चेंडू ज्या उतरत्या लाकडी फळीवर धावतो तिला प्लेफिल्ड म्हणतात. तिच्यात अर्धपारदर्शक रंगीत प्लॅस्टिकचे तुकडे बसवलेले असतात, हेच इन्सर्ट. खालचा दिवा लागला की वरची ‘एक्स्ट्रा बॉल’सारखी अक्षरं उजळतात. जुनी यंत्रं हौसेने दुरुस्त करणाऱ्यांच्या हातून सर्वांत जास्त नुकसान होतं ते याच अक्षरांचं.

ही अक्षरं प्लॅस्टिकमध्येच घडवलेली आहेत, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात इन्सर्ट चिकटवून फळीशी समपातळीत घासल्यावर वरून स्क्रीन प्रिंटिंग होई. शाईचा तो थर अगदी पातळ. लाकडावर तो जसा धरतो तसा गुळगुळीत प्लॅस्टिकवर धरत नाही. म्हणून शेजारचं चित्र शाबूत आणि इन्सर्टवरचं अक्षर गायब, असं दिसतं.

‘चेंडूने घासून घासून अक्षरं गेली’ हे अर्धंच खरं. साधारण २७ मिलिमीटर व्यासाचा आणि ८० ग्रॅमचा पोलादी चेंडू शाई झिजवतोच. पण मूळ दुखणं बरेचदा खाली असतं. हवेतल्या ओलाव्याने लाकूड फुगतं, आकसतं. प्लॅस्टिक त्याच्याबरोबर हलत नाही. त्यात दिव्याची उष्णता. जुना ४४ क्रमांकाचा दिवा २५० मिलीअँपिअर वीज खातो, ४७ क्रमांकाचा १५०, म्हणजे तो बराच थंड. वर्षानुवर्षं असं चाललं की गोंद सुटतो, इन्सर्ट खचतो किंवा वर येतो आणि त्याच्या काठावरची शाई तडकते. काठावरून नख फिरवून पाहा. अडलं तर आधी इन्सर्ट, मग अक्षर. सुटलेला इन्सर्ट हीट गनने बेताची ऊब देऊन खालून ढकलून काढावा, जुना गोंद खरवडावा आणि एपॉक्सीने सपाट ठोकळ्याखाली दाबून बसवावा. खोलगटपणा थोडाच असेल तर क्लिअरकोटचे, म्हणजे पारदर्शक वॉर्निशचे, थर देऊन, घासून पातळी साधता येते. एलईडी लावल्याने पुढची उष्णता कमी होते, पण आधीच खचलेला इन्सर्ट त्याने वर येत नाही.

आता मार्कर. पर्मनंट मार्करची शाई क्लिअरकोटमधल्या द्रावकात विरघळते आणि रेषेबाहेर पसरते. हाताने काढलेलं अक्षर तसंही मूळ वळणाचं नसतं. त्याऐवजी काहीही पुसण्याआधी प्लेफिल्ड मूळ मापात स्कॅन करा; उरलेल्या अर्ध्या अक्षरावरूनही वळण सापडतं. ते संगणकावर पुन्हा रेखून पाण्याने सरकवायच्या पारदर्शक डीकॅलवर लेझर प्रिंटरने छापा. काळ्या अक्षरांना हे उत्तम. पांढऱ्यांना नाही, कारण नेहमीच्या प्रिंटरमध्ये पांढरा रंगच नसतो. तिथे स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडेच जावं. डीकॅलवर क्लिअरकोट हवाच, नाहीतर चेंडू ते उचकटतो.

मेलामाइनचा ‘जादूचा’ स्पंज निरुपद्रवी नाही. तो पॉलिश पेपरसारखा घासतो. स्पिरिटसोबत तर शाईच नेतो. प्लेफिल्डवर चिकटवलेली मायलारची पारदर्शक संरक्षक फिल्मही चांगली चिकटलेली असेल तर उगाच सोलू नये, तिच्याबरोबर अक्षरं निघतात. आणि अक्षर वाचता येत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: मेण लावा, मूळ छपाई तशीच राहू द्या.

शेवटचा गैरसमज जिवावर बेतणारा. गाड्यांचा दोन घटकांचा क्लिअरकोट साधा मास्क लावून घरी फवारता येतो, असं समजू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं; त्याने कायमचा दमा जडू शकतो आणि धुळीचा मास्क ते अडवत नाही. हे काम बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क असलेल्या, गाड्या रंगवणाऱ्या कारागिराकडेच सोपवा.