कुत्र्यांना लस, माणसांना जीवदान



शाळांना सुट्टी लागली की आपल्यापैकी निम्म्या घरांना कुलूप लागते. कोणी सावंतवाडीला, कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी फोंडा-डिचोलीला. बॅगांची वजने पुन्हा पुन्हा करून पाहिली जातात. त्या गडबडीत एका बिनवजनी गोष्टीची आठवण करून द्यावी, म्हणून हा लेख.

आपली मुले इथे फ्लॅटमध्ये वाढतात. आजोळी गेली की अंगणातल्या पिल्लाशी त्यांची पहिल्याच दिवशी गट्टी जमते. त्यात गैर काहीच नाही. पण पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग, म्हणजे रेबीज, आपल्या देशातून अजून गेलेला नाही. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने दगावतात असा अंदाज आहे आणि त्यातील साधारण एकतृतीयांश भारतात. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यांमुळे होतो. लक्षणे एकदा दिसू लागली की जवळजवळ कोणीही वाचत नाही. मात्र चावल्यावर वेळेवर उपचार झाले, तर रोग हमखास टाळता येतो. इतका भयंकर आणि तरीही इतका टाळता येणारा रोग दुसरा क्वचितच असेल.

हा रोग आपल्या शेजारच्या गोव्याने कसा आवरला, ते पाहण्यासारखे आहे.

‘मिशन रेबीज’ या संस्थेने २०१३ साली भारतात काम सुरू केले. गोवा सरकारच्या साथीने तिची पथके गावोगाव, वाड्यावाड्यांतून फिरली. पाळलेला कुत्रा मालक धरून आणी आणि रस्त्यावरचा जाळ्यात पकडला जाई. लस टोचायची, अंगावर रंगाची खूण करायची आणि तिथेच सोडून द्यायचे. नंतर दुसरी फेरी मारून खुणेची कुत्री किती आणि बिनखुणेची किती, हे मोजायचे. कोणती वाडी झाली आणि कोणती राहिली, याची नोंद मोबाईलवरच्या नकाशात होत असे. एका वर्षात ९५,००० हून अधिक कुत्र्यांना लस देण्याची मजल या कामाने गाठली.

एवढे मोजमाप कशासाठी? शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की विषाणूला एका कुत्र्यातून दुसऱ्यात जायला वाट सापडत नाही आणि साखळी तुटते. कुत्री मारून हे साधत नाही. उकिरडा तिथेच असतो, त्यामुळे मोकळ्या जागी नवी, बिनलसीची कुत्री येतात. लस घेतलेले कुत्रे हे एका अर्थी गावाचे राखणदारच असते. मात्र दरवर्षी नवी पिल्ले जन्मतात, म्हणून लसीकरण दरवर्षी करावे लागते, आणि म्हणूनच जोडीला नसबंदी हवी.

२०१३ ते २०१९ या काळाचा हिशेब पुढे शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कुत्र्यांमधील रेबीजचे दरमहा प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले होते. २०१८ व २०१९ या दोन वर्षांत गोव्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही. २०२१ साली गोवा सरकारने राज्य ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर केले. तरी काम संपले असे नाही. कुत्र्याला दोडामार्ग आणि डिचोली यांच्यामधली हद्द कळत नाही.

या यशामागे दोन प्रकारचे शिक्षण होते. पहिले पशुवैद्यांचे. दवाखान्यातल्या डॉक्टरांपुढे एका वेळी एक जनावर असते. निवाऱ्यात शंभर असतात, आणि तिथे एकाचा आजार सगळ्यांचा व्हायला वेळ लागत नाही. नवीन आलेले वेगळे ठेवायचे, साफसफाई निरोग्यांपासून सुरू करून आजाऱ्यांकडे संपवायची, टाका इतका लहान घालायचा की कुत्रे लवकर आपल्या गल्लीत परतावे. या शाखेला आता ‘शेल्टर मेडिसिन’ म्हणतात. ती पुस्तकातून येत नाही, त्यासाठी हात बसावा लागतो. मिशन रेबीजची मातृसंस्था ‘वर्ल्डवाइड व्हेटरिनरी सर्व्हिस’ हिने गोव्यात प्रशिक्षण केंद्र चालवले. तिथे तरुण पशुवैद्य अनुभवी डॉक्टरांच्या नजरेखाली नसबंदीची शस्त्रक्रिया शिकतात. शिकणाऱ्याचा हात बसतो आणि गावातली कुत्री मोफत बरी होतात.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या हुकुमाविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. त्याच समाजातील दिनशॉ पेटिट यांच्या देणगीतून पुढे परळला बाई साकरबाईंच्या नावाने जनावरांचे धर्मादाय इस्पितळ उभे राहिले आणि त्याच आवारात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. सेवा आणि शिक्षण एका छपराखाली, हे मुंबईने तेव्हाच करून दाखवले होते. भटकी कुत्री मारण्याऐवजी त्यांची नसबंदी करावी, लस द्यावी आणि त्यांना मूळ जागी सोडावे, असे देशाच्या नियमांत आले ते २००१ साली. २०२३ मध्ये त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली.

दुसरे शिक्षण मुलांचे. गोव्यात शिक्षकांची पथके वर्षाला दीड लाख मुलांपर्यंत पोहोचली. कारण साधे आहे. संशयित कुत्रे चावलेल्यांमध्ये सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात, आणि ओरडा बसेल म्हणून मूल घरी सांगत नाही. रोग दिसायला बहुधा दोन-तीन महिने लागतात. म्हणजे जुलैत मालवणला झालेला ओरखडा सप्टेंबरात मनामात जिवावर बेतू शकतो.

आता थोडे रसायनशास्त्र, कारण माझा तो रोजचा विषय आहे. रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. साबण जसा तेलकट ताट साफ करतो, तसाच तो हे आवरण विस्कटतो आणि विषाणू निकामी होतो. म्हणून चावल्यावर नळाच्या धारेखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे जखम धुणे हा पहिला उपचार आहे. घड्याळ लावून धुवा, पंधरा मिनिटे वाटतात त्याहून बरीच लांब असतात. हळद, तिखट, चुना यांपैकी काहीही लावू नये. याउलट पिल्लांना होणाऱ्या पार्व्हो रोगाच्या विषाणूला असे आवरणच नसते. तिथे नुसता साबण पुरत नाही. आधी घाण धुऊन काढून मग ब्लीचचे पाणी दहा मिनिटे ठेवावे लागते. घाणीवर ओतलेले ब्लीच घाणीतच खर्ची पडते. निवाऱ्यातली फरशी धुणे हेसुद्धा शास्त्र आहे ते असे.

तेव्हा गावी जाताना एवढे लक्षात ठेवावे :

मुलांना निघण्यापूर्वीच सांगा, “कुत्रा-मांजर चावले, ओरबाडले किंवा जखमेवर चाटले तर लगेच सांग, कोणी रागावणार नाही.” आणि खरेच रागावू नका. झोपलेल्या, खाणाऱ्या किंवा पिल्ले असलेल्या कुत्रीजवळ जायचे नाही, आणि कुत्रे अंगावर आले तर पळायचे नाही, झाडासारखे स्तब्ध उभे राहायचे.

जखम धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पोटात चौदा इंजेक्शने ही आपल्या लहानपणची भीती, आता लस दंडात देतात आणि लहानग्यांना मांडीत. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागते, ते आवर्जून विचारा. लसीचा शेवटचा डोस २८ व्या दिवशी असतो. तोवर आपले विमान सुटलेले असेल, म्हणून लसीचे कार्ड पासपोर्टसोबत ठेवा आणि उरलेले डोस इथल्या डॉक्टरांकडून वेळेवर पूर्ण करून घ्या.

गावच्या घरी कुत्रा असेल तर त्याची वार्षिक लस आपण गेल्यावर स्वतः टोचून आणावी. आई-दादांना नेलेल्या भेटवस्तूंत ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ.

आणि इथे बहारीनमध्ये? अस्करला प्राणी-क्रूरता प्रतिबंधक संस्थेचा निवारा आहे. कायमचे परत जाताना किंवा बदली झाल्यावर पाळलेले मांजर वाऱ्यावर सोडून जाऊ नये. नवे घर शोधण्याची खटपट निदान दोन-तीन महिने आधी सुरू करावी.

सुट्टीआधीच्या शेवटच्या मराठी वर्गात या विषयाला अर्धा तास द्यावा, असे कार्यकारिणीला सुचवले आहे. ज्या पालकांना मदत करायची असेल त्यांनी पुढच्या सभेत जरूर भेटावे. गोव्यात दीड लाख मुलांना जे शिकवता आले, ते आपल्या चाळीस-पन्नास मुलांना शिकवायला एक संध्याकाळ पुरेल.