विंचवाची ओळख आणि शिक्षकाचे कर्तव्य

खेड तालुक्यात जांभ्या दगडाचे गडगे, गवताच्या उडव्या व लाकडांचे ढीग गावोगाव आढळतात. अशा जागी दडून राहणारे अनोळखी प्राणी मुलांच्या दृष्टीस पडले, की ती कुतूहलाने शिक्षकांकडे धाव घेतात. अशा प्रसंगी शिक्षकास प्राण्याची ओळख पटविता आली पाहिजे.

प्रथम पाय मोजण्यास सांगावे. कीटकास सहा पाय असतात. कोळी, विंचू, गोचीड यांना आठ. या आठपायी प्राण्यांना पंख नसतात व मिशाही नसतात. पहिल्या पावसानंतर जमिनीवर दिसणारा मखमली तांबडा मृगाचा किडा नावाने किडा असला, तरी आठ पायांमुळे तो कोळ्याचाच नातलग ठरतो. तो निरुपद्रवी आहे. विंचवाच्या पुढील दोन नांग्या मुले पायांत धरतात व दहा मोजतात. ही चूक समजावून द्यावी. मोजणी मात्र दुरूनच करावी.

विंचवांमध्येही भेद आहे. मोठा काळा विंचू जाडजूड नांग्यांमुळे भयंकर दिसतो; परंतु त्याचा दंश वेदनादायक असला तरी सहसा प्राणघातक होत नाही. तांबडा विंचू आकाराने लहान, पायांनी फिकट व नांग्यांनी सडपातळ असतो. त्याची शेपटी मात्र जाड असते. खरा धोका याच्यापासून आहे. बारीक नांगी व जाड शेपटी ही खूण मुलांच्या मनावर ठसवावी.

तांबड्या विंचवाचे विष हृदय व रक्ताभिसरण यांवर आघात करते. दंशानंतर ओकारी, दरदरून घाम, तोंडास लाळ सुटणे, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसल्यास प्रकृती गंभीर समजावी. दंशाच्या जागी वेदना कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. लहान मुलांस धोका अधिक असतो.

कशेडी घाटापलीकडील महाड येथे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांचा दीर्घकाळ अभ्यास केला. रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध या दंशावर उपयुक्त ठरते, हे त्यांनी 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. या उपचाराने अनेकांचे प्राण वाचले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. मात्र हे औषध वैद्याच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते. शाळेत देऊ नये.

म्हणून दंश झाल्यास जखम कापणे, दोरीने आवळणे अथवा मंत्र उतरविण्यात वेळ घालविणे हे टाळावे. मुलास धीर देऊन, हालचाल कमी ठेवून तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. विंचू ओळखता आला नाही, तरी त्यासाठी थांबू नये. तो पकडण्याच्या नादीही लागू नये.

परिसर अभ्यासाच्या तासाला फळ्यावर दोन्ही विंचवांची आकृती काढावी व नांगी आणि शेपटी यांची तुलना मुलांकडून करवून घ्यावी. दगड उचलताना हात खाली घालू नये, चप्पल झटकून पायात घालावी व अंधारात दिव्याशिवाय जाऊ नये, या सवयी लावाव्या. विंचू किडे खाऊन निसर्गात आपले काम करतो, तेव्हा दिसेल तेथे त्यास ठेचण्याची शिकवण देऊ नये. ओळख पटली म्हणजे मुलांची निष्कारण भीती जाते आणि आवश्यक तेथे सावधगिरी येते.